केळी सोडू नका, गाठ लपवू नका

स्तनाचा कर्करोग आणि पेशींमधील पोटॅशियमची दारे

वाचकहो, गेल्या पंधरवड्यात या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांत एकच प्रश्न आहे. अकोल्याच्या एका शिक्षिका भगिनींनी तो सर्वांत नेमका विचारला आहे. त्यांच्या मोठ्या बहिणीची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली असून औषधोपचार सुरू आहेत. नातेवाइकांनी मोबाइलवर एक संदेश पाठवला. कर्करोगाच्या पेशींमध्ये पोटॅशियमची दारे असतात, त्या दारांतून पोटॅशियम घेऊनच त्या वाढतात, तेव्हा केळी, संत्री, नारळपाणी, डाळी ताबडतोब बंद करा, असे त्यात म्हटले आहे. भगिनी विचारतात, यात तथ्य किती?

आधी उत्तर देते, मग कारण सांगते. आहारातील पोटॅशियम कमी केल्याने स्तनाचा कर्करोग आटोक्यात येतो, याला काहीही आधार नाही. उलट उपचार चालू असताना मनानेच हे पदार्थ बंद केले तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. मात्र संदेशातला एक शब्द खरा आहे, तो म्हणजे ‘दारे’. पेशींना पोटॅशियमची दारे असतात आणि स्तनाच्या कर्करोगात ती बिघडतात, हे संशोधनातून पुढे आलेले आहे. अर्धवट खरे हे निखळ खोट्यापेक्षा अधिक घातक असते. कारण ते शहाणपणाचा वेश घालून येते. म्हणून आजचा लेख या दारांवर.

एका मावशींची गोष्ट

काही वर्षांपूर्वी दर्यापूर तालुक्यातील एक मावशी माझ्याकडे आल्या. वय ५२. डाव्या स्तनात लिंबाएवढी गाठ. गाठ केव्हापासून आहे असे विचारले तर म्हणाल्या, “दिवाळीच्या आंधी बोराएवढी व्हती बाई. दुखत तं काहीच नव्हतं. म्हनलं, वेचनी झाली का जाऊ.” कापसाची वेचणी झाली. मग तुरीची सोंगणी आली. मग पुतणीचे लग्न आले. त्या आल्या तेव्हा चैत्र लागला होता. बोराचे लिंबू व्हायला सहा महिने मिळाले होते.

नागपूरला त्यांची शस्त्रक्रिया झाली. पुढे सलाइनमधून द्यायची कर्करोगाची औषधे सुरू झाली. तिसरा डोस घेऊन त्या गावी परतल्या आणि आठवड्याने त्यांचा मुलगा त्यांना गाडीत घालून माझ्याकडे घेऊन आला. उलट्या झाल्या होत्या, पोट लागले होते, पायांत गोळे येत होते आणि खाटेवरून उठताही येत नव्हते. रक्त तपासले. पोटॅशियम साधारणपणे ३.५ ते ५ च्या दरम्यान असावे लागते, मावशींचे २.५ होते. हृदयाच्या आलेखातही त्याच्या खुणा दिसू लागल्या होत्या.

खाणेपिणे विचारले तेव्हा मुलगा म्हणाला, “बाई, आम्ही तं केळी, संत्री, डाळीचं पानी, समदं बंद केलं. मोबाइलवर आलं व्हतं ना.” तीन आठवड्यांपासून त्या माउलीला भाकरी आणि पातळ ताकाखेरीज विशेष काही मिळालेले नव्हते. उलट्या-जुलाबांतून पोटॅशियम बाहेर जात होते आणि आत येण्याचा मार्ग घरच्यांनीच प्रेमापोटी बंद केला होता.

सलाइनमधून हळूहळू पोटॅशियम देऊन चार दिवसांत त्या सावरल्या. मी त्या मुलाला बोलले नाही. आईसाठी जे जे कळले ते त्याने केले होते. उपचार सुरू होताना ‘काय खायचे’ ही दोन वाक्ये त्याला कोणीच सांगितली नव्हती, आणि त्या ‘कोणीच’मध्ये मीही होते. तेव्हापासून कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना मी आहाराविषयी विचारल्याशिवाय सोडत नाही.

आत गोडे पाणी, बाहेर खारपाणपट्टा

पोटॅशियम म्हणजे आपल्या शेतकरी बांधवांचा पालाश. नत्र, स्फुरद, पालाश या तिघांतला तिसरा. पिकाला तो लागतो तसा आपल्यालाही लागतो. शरीरातील जवळजवळ ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. पेशींच्या बाहेर, म्हणजे रक्तात आणि पेशींभोवतीच्या द्रवात, भरलेले असते ते मुख्यतः सोडियम, मिठातले सोडियम.

पूर्णेच्या खोऱ्यातील वाचकांना हे चटकन समजेल. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट या भागांत जमिनीखाली खारे पाणी आहे. त्या खारपाणपट्ट्यात कोणी घराला गोड्या पाण्याचे टाके बांधले तर चारही बाजूंना खारे आणि मधोमध गोडे, असे दृश्य असेल. आपली प्रत्येक पेशी म्हणजे असे एक टाके आहे. बाहेर सोडियमचा खारपाणपट्टा, आत पोटॅशियमचा साठा. आतले पोटॅशियम बाहेरच्याच्या तीसपट किंवा त्याहूनही अधिक असते.

हा फरक आपोआप टिकत नाही. पेशीच्या आवरणात बारीक पंप बसवलेले असतात. ते प्रत्येक फेरीत सोडियमचे तीन कण बाहेर फेकतात आणि पोटॅशियमचे दोन कण आत ओढतात. आपल्या शेतातल्या मोटारीला वीज गेली की सुट्टी मिळते; या पंपांना जन्मभर सुट्टी नाही. शरीराची बरीचशी ऊर्जा केवळ या कामावर खर्च होते.

याच आवरणात दारेही असतात. प्रथिनाची बनलेली, मधून पोकळ अशी ही नळी असते. शास्त्रज्ञ तिला पोटॅशियम चॅनेल म्हणतात. आपण सोयीसाठी दारच म्हणू. हे दार उघडले की आत दाटलेले पोटॅशियम बाहेर जाऊ पाहते. संदेश लिहिणाऱ्याची पहिली चूक येथेच झाली. या दारांतून पोटॅशियम बहुधा आत येत नाही, बाहेर जाते! पोटॅशियमच्या प्रत्येक कणावर धन विद्युतभार असतो. तो बाहेर गेला की पेशीची आतली बाजू ऋण होते. मज्जातंतूच्या पेशीत हा विद्युतदाब सुमारे ७० मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा चौदावा भाग असतो. एवढ्याशा विजेवर आपले हृदय धडधडते, स्नायू हलतात आणि मेंदू विचार करतो.

जिनिंगपेक्षा चोखंदळ दार

हे दार पोटॅशियमला सोडते आणि सोडियमला अडवते. कसे? जिनिंगमध्ये रुई पुढे जाते आणि सरकी मागे राहते, कारण सरकी त्या फटीतून जाऊ शकत नाही. येथे मात्र उलटे आहे. सोडियमचा कण पोटॅशियमच्या कणापेक्षा लहान असतो. लहान अडतो आणि मोठा जातो, हे कोडे शास्त्रज्ञांना अनेक वर्षे सुटले नव्हते.

ते १९९८ साली अमेरिकेतील रॉडरिक मॅकिनन यांनी एका जिवाणूच्या पोटॅशियम दाराची रचना उलगडून सोडवले. पाण्यात फिरणारा प्रत्येक कण पाण्याच्या रेणूंचे पांघरूण घेऊन फिरतो. दाराच्या अरुंद गळ्यातून जायचे तर ते पांघरूण उतरवावे लागते. त्या गळ्यात ऑक्सिजनचे अणू असे मापात बसवलेले आहेत की, पोटॅशियमला पांघरूण उतरवल्याचे जाणवतच नाही. पाण्याची जागा ते अणू घेतात. लहानग्या सोडियमला मात्र हे माप सैल होते. त्याला पांघरूण सोडणे परवडत नाही आणि तो बाहेरच राहतो. दहा हजार पोटॅशियमच्या कणांमागे सोडियमचा एखादाच कण चुकून जातो, आणि तरीही एका सेकंदात दहा कोटींपर्यंत कण या दारातून जाऊ शकतात. या कामासाठी मॅकिनन यांना २००३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यापूर्वी १९९१ साली एर्विन नेहेर आणि बर्ट साकमान या जर्मन शास्त्रज्ञांना, काचेच्या सूक्ष्म नळीने एकेका दारातील विजेचा प्रवाह मोजण्याच्या पद्धतीसाठी वैद्यकाचे नोबेल मिळाले होते.

माणसाच्या शरीरात अशा पोटॅशियम दारांचे सत्तरांहून अधिक प्रकार आहेत. काही विजेच्या दाबाने उघडतात, काही कॅल्शियम वाढले की उघडतात, काही बहुतेक वेळ किलकिलीच असतात. स्तनातील दुधाच्या नळ्यांना आतून अस्तर असते. स्तनाचा कर्करोग बहुतेक वेळा या अस्तराच्या पेशींतच सुरू होतो. त्या पेशींनाही ही दारे असतात.

कर्करोगात काय बिघडते?

कर्करोग बाहेरून येत नाही. आपल्याच पेशींच्या जनुकांत बिघाड होतो आणि त्या थांबायचे विसरतात. अशा पेशी घरातल्याच सोयी आपल्या कामाला जुंपतात. पोटॅशियमची दारे ही त्यांपैकी एक सोय. तिचा वापर मुख्यतः चार ठिकाणी होतो.

पहिले ठिकाण विभाजनाचे. एका पेशीच्या दोन होण्यापूर्वी तिचा विद्युतदाब ठरावीक क्रमाने खालीवर व्हावा लागतो. पोटॅशियमची दारे उघडली की आतली बाजू अधिक ऋण होते आणि त्या ओढीने बाहेरचे कॅल्शियम आत येते. कॅल्शियम हा पेशीला ‘पुढे चला’ म्हणणारा निरोप आहे. दारे प्रमाणाबाहेर वाढली की हा निरोप पुन्हापुन्हा मिळत राहतो.

दुसरे ठिकाण हालचालीचे. गाठीतून सुटलेली पेशी रक्तात किंवा काखेतील गाठींत शिरायची तर तिला अरुंद जागेतून निसटावे लागते. पोटॅशियम बाहेर गेले की त्याच्या मागोमाग पाणी जाते आणि पेशी आकसते. एका टोकाला आकसायचे आणि दुसऱ्या टोकाला पसरायचे, अशी तिची चाल असते. रोग हाडांत, फुप्फुसांत किंवा मेंदूत पोहोचण्यात अशा चालीचा हात असतो.

तिसरे ठिकाण मरणाचे. बिघडलेल्या पेशीने स्वतःहून मरावे, अशी निसर्गाची व्यवस्था आहे. मरताना पेशी पोटॅशियम गमावते आणि आकसते. कोणती दारे किती वेळ उघडी राहतात, यावर पेशी मरणार की तगणार हेही काही अंशी ठरते. म्हणून काही प्रकारची दारे वाढलेली कर्करोगाला सोयीची, तर काही प्रकारची कमी झालेली सोयीची असतात. ‘सगळीच दारे वाईट’ असे म्हणता येत नाही.

चौथे ठिकाण आपल्या सैनिकांचे. गाठीच्या मध्यभागी अनेक पेशी मरतात आणि त्यांच्यातील पोटॅशियम बाहेर सांडते. २०१६ साली अमेरिकी संशोधकांनी दाखवले की, गाठीत असे सांडलेले पोटॅशियम तेथे आलेल्या रोगप्रतिकारक पेशींना सुस्त करते. ध्यानात घ्या, हे पोटॅशियम गाठीतल्या मेलेल्या पेशींचे असते. आपण खाल्लेल्या केळ्याचे नव्हे.

केळ्यावरच्या चिलटाने दिलेले नाव

या दारांपैकी एकाचे नाव मोठे गमतीचे आहे. पिकलेल्या केळ्यांवर जी बारीक चिलटे घोंघावतात, त्या फळमाश्यांवर शास्त्रज्ञ प्रयोग करीत. काही माश्यांना ईथरची भूल दिली की त्यांचे पाय नाचल्यासारखे थरथरत. अमेरिकेतील तेव्हाच्या एका नाचाच्या फॅशनवरून या बिघाडाला ‘ईथर-अ-गो-गो’ असे नाव पडले. पुढे कळले की, बिघाड पोटॅशियमच्या एका दारात होता. तेच दार माणसातही आहे, पण निरोगी माणसात ते मुख्यतः मेंदूत आढळते. १९९९ साली जर्मनीतील गॉटिंगेन येथे लुईस पार्डो, वाल्टर श्ट्यूमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, हे दार ज्या पेशींत मुद्दाम घातले त्या बेबंद वाढू लागल्या आणि उंदरांत त्यांच्या गाठी झाल्या. स्तनासह अनेक अवयवांच्या कर्करोगांत, जेथे हे दार असायला नको तेथे ते सापडले आहे.

२००३ साली आणखी एका दाराविषयी माहिती पुढे आली. शास्त्रज्ञांनी स्तनाच्या गाठी तपासल्या, तेव्हा सुमारे १० टक्के गाठींत या दाराच्या जनुकाच्या जास्तीच्या प्रती निघाल्या आणि ४४ टक्के गाठींत त्या जनुकाचे काम प्रमाणाबाहेर वाढलेले दिसले. म्हणजे हा विषय केवळ तर्काचा राहिलेला नाही.

मग दार बंद करणारे औषध का देत नाहीत?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. अडचण हृदयाची आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यानंतर स्नायूला पुन्हा पूर्ववत करणारे जे पोटॅशियमचे दार आहे, ते या ‘ईथर-अ-गो-गो’ दाराचे सख्खे भावंड. एकाला कुलूप घालायला जावे तर दुसऱ्यालाही लागते आणि हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो.

याचे उदाहरण आहे. अस्टेमिझोल नावाची सर्दी-अ‍ॅलर्जीची गोळी एकेकाळी फार खपत असे. ही गोळी दोन्ही दारे बंद करते. प्रयोगशाळेत तिने कर्करोगाच्या पेशींची वाढ मंदावलेली दिसली. परंतु काही रुग्णांत हृदयाची लय बिघडल्यामुळे १९९९ साली ती अमेरिकेच्या बाजारातून मागे घेण्यात आली. तेव्हा अ‍ॅलर्जीच्या गोळीने कर्करोग बरा होतो, असा नवा संदेश उद्या आला तर त्यावरही विश्वास ठेवू नका. केवळ रोगट दार ओळखून तेवढेच बंद करणारे औषध शोधण्याचे काम चालू आहे. स्तनाच्या कर्करोगावरील नेहमीच्या उपचारांत पोटॅशियमचे दार बंद करणारे खास औषध अद्याप आलेले नाही.

मुंबईचा एक साधा प्रयोग

मग हे ज्ञान रुग्णाच्या काय उपयोगाचे? याचे थोडे उत्तर आपल्याच महाराष्ट्रातून मिळाले आहे. ते पोटॅशियमच्या नव्हे, त्याच्या शेजारच्या सोडियमच्या दारांशी संबंधित आहे.

दात काढताना हिरडीत बधिर करणारी सुई देतात, ती आपल्यापैकी अनेकांनी घेतली असेल. त्या औषधाचे नाव लिग्नोकेन. ते मज्जातंतूंची सोडियमची दारे बंद करते, म्हणून वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत जात नाही. कर्करोगाच्या पेशींच्या हालचालीतही अशा दारांचा हात असतो. शस्त्रक्रियेत गाठ हाताळताना काही पेशी सुटून रक्तात जात असतील, तर चाकू लावण्यापूर्वीच गाठीच्या भोवती हे औषध भरून त्यांना बधिर का करू नये, असा विचार मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला.

२०११ सालापासून भारतातील ११ केंद्रांत १,६०० स्त्रियांवर हा प्रयोग झाला. सर्वांचा रोग सुरुवातीच्या अवस्थेतला होता. निम्म्यांना शस्त्रक्रियेपूर्वी सात ते दहा मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेन दिले, निम्म्यांना दिले नाही. बाकीचे उपचार दोन्ही गटांना नेहमीप्रमाणेच दिले गेले. निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर सुई दिलेल्या गटात ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, तर न दिलेल्या गटात ८६.४ टक्के. म्हणजे शंभर स्त्रियांमागे जवळजवळ चार जीव अधिक वाचले, आणि तेही गावोगावच्या दवाखान्यांत मिळणाऱ्या एका स्वस्त औषधाने.

येथे दोन गोष्टी सांगणे माझे कर्तव्य आहे. हा लाभ दारे बंद झाल्यामुळेच झाला की आणखी कशामुळे, हे अजून सिद्ध व्हायचे आहे. आणि ही सुई म्हणजे कर्करोगाचा उपचार नव्हे. ती शस्त्रक्रियेच्या टेबलावर, सर्जनच्या हातून, एकदाच द्यायची असते. तिचा प्रयोग सुरुवातीच्या रोगात झाला आहे. लिंबाचे नारळ होईपर्यंत घरी बसणाऱ्या बाईला तिचा आधार मिळेल, असे म्हणता येणार नाही.

खरा शत्रू उशीर

म्हणून पुन्हा मावशींकडे येते. २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. जेथे रोग लवकर सापडतो तेथे बहुसंख्य स्त्रिया बऱ्या होतात. आपल्याकडे त्या उशिरा येतात. कारण गाठ दुखत नाही, कारण सांगायची लाज वाटते, कारण हंगाम असतो.

लवकर ओळखण्यासाठी मोठे यंत्रच हवे असेही नाही. टाटा मेमोरियलनेच १९९८ सालापासून मुंबईच्या वस्त्यांमधील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनांची तपासणी केली. २०२१ साली आलेला निष्कर्ष असा की, तपासणी झालेल्या वस्त्यांत रोग अलीकडच्या अवस्थेत सापडू लागला, आणि ५० वर्षांवरील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयाच्या स्त्रियांत मृत्यू घटल्याचे दिसले नाही. पण मावशी ५२ वर्षांच्या होत्या! शिकवलेला हात आणि वेळेवर केलेली तपासणी यांची ही ताकद आहे.

काय पाहावे, काय करावे?

मासिक पाळी संपल्यावर आठवड्याभरात, आणि पाळी बंद झालेल्या स्त्रियांनी महिन्यातला एक दिवस ठरवून, आंघोळीच्या वेळी बोटांच्या सपाट भागाने दोन्ही स्तन आणि काखा चाचपून पाहाव्यात. आरशात आकार पाहावा. पुढीलपैकी काहीही आढळल्यास दुखत असो वा नसो, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

१. स्तनात किंवा काखेत नवी गाठ.

२. कातडीला खळी पडणे, किंवा कातडी संत्र्याच्या सालीसारखी जाड व छिद्राछिद्रांची दिसणे. वरूड-मोर्शीच्या भगिनींना ही खूण वेगळी समजावून सांगायला नको.

३. बोंड आत ओढले जाणे, किंवा त्यातून रक्तासारखा स्राव येणे.

४. बोंडाभोवती न भरणारी खपली किंवा जखम.

प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण ते ठरवायचे डॉक्टरांनी तपासून आणि सुईने तुकडा काढून, शेजारणीने हात लावून नव्हे. सुई टोचल्याने कर्करोग पसरतो ही समजूत चुकीची आहे. गाठीवर लेप लावू नका, शेकू नका, ती दाबू किंवा चोळू नका. पुरुषांनाही हा रोग क्वचित होतो, तेव्हा त्यांनीही गाठ अंगावर काढू नये.

प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी स्तनांच्या तपासणीचा सरकारी कार्यक्रम आहे. आशाताईंना विचारा, त्या दिवस सांगतील. पुढील उपचार नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयासारख्या ठिकाणी मिळतात. महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, औषधे आणि किरणोपचार यांचा समावेश आहे. पैसे नाहीत म्हणून घरी बसण्याआधी योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

आता केळ्यांचा निकाल

अकोल्याच्या भगिनींनी बहिणीला पुढीलप्रमाणे सांगावे. केळी, संत्री, डाळी, पालेभाज्या, नारळपाणी हे साधा आहार म्हणून खुशाल घ्यावे. एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. निरोगी मूत्रपिंडे रक्तातले प्रमाण स्वतःच सांभाळतात. जास्तीचे लघवीतून बाहेर टाकतात. एक केळे जास्त खाल्ले म्हणून गाठीला खुराक मिळत नाही, आणि एक केळे सोडले म्हणून ती उपाशी राहत नाही. उलट्या-जुलाब सुरू झाले, पायांत गोळे आले, छातीत धडधडू लागले किंवा विलक्षण अशक्तपणा वाटला, तर वाट न पाहता रक्तातील पोटॅशियम तपासून घ्यावे.

अपवाद एकच आणि तो महत्त्वाचा. ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत त्यांच्या रक्तात पोटॅशियम धोकादायकरीत्या साचते. त्यांनी फळे, नारळपाणी आणि पोटॅशियम मिसळलेले ‘कमी सोडियमचे’ मीठ आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. पण हे पथ्य मूत्रपिंडाचे आहे, कर्करोगाचे नव्हे.

मावशी अजून तपासणीला येतात. मागच्या खेपेला त्यांच्यासोबत त्यांची धाकटी जाऊ होती. तिला पुढे करीत म्हणाल्या, “इले पाहा बाई. इच्या काखेत काहीतरी लागते. मी म्हनलं, वेचनी राहू दे, आंधी चाल.” जावेची गाठ साधी निघाली. पण ती कोणती आहे हे कळायला तिला सहा महिने लागले नाहीत, आठवडा लागला.

पेशीची दारे सांभाळण्याचे शास्त्र अजून पुरते आपल्या हाती आलेले नाही. दवाखान्याचे दार मात्र आहे. ते वेळेवर ठोठवा.

पुढील आठवड्यात : मूत्रपिंडाचे आजार आणि खारपाणपट्ट्यातील पिण्याचे पाणी.